चाळीस गॅलनचा संसार

आमच्या कारखान्यात आधी संसार मांडला जायचा आणि मग भिंती उभ्या राहायच्या. ट्रेलर बांधायची पद्धतच तशी असते. लोखंडी चासीवर तळ बसतो, तळाखाली पाण्याच्या टाक्या आणि नळ जातात, वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लिनोलियम अंथरलं जातं. मग त्या उघड्या जमिनीवर ओटा, कपाटं, पलंगाचा सांगाडा, न्हाणी, संडास असं सगळं आपापल्या जागी येऊन उभं राहतं. बाजूच्या भिंती त्यानंतर येतात आणि सगळ्यांत शेवटी छप्पर. मधल्या काही मिनिटांत त्या लाइनवर एक बिनभिंतीचं घर उभं असतं. स्वयंपाक कुठे होणार, पोरं कुठे झोपणार, पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे सगळं उघड दिसत असतं. इतकी वर्षं रोज बघूनही त्या क्षणाचं मला अप्रूप वाटत राहिलं.

हे काम मी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये केलं. अमेरिकेत बनणाऱ्या ट्रेलरांपैकी आणि चाकांवरच्या घरांपैकी बहुतांश या एका गावात आणि आजूबाजूच्या पट्ट्यात बनतात. १९३० च्या दशकात इथे हा धंदा सुरू झाला आणि वाढत गेला. गावाबाहेर, टोल रोडच्या कडेला, या धंद्याचं संग्रहालय आहे. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे ओढायचा १९१३ सालचा ट्रेलर तिथे अजून जपून ठेवलेला आहे. गावाचं सुखदुःख या एकाच मालाला बांधलेलं. लोकांच्या हातात पैसा असला की ट्रेलर खपतात आणि नसला की सगळ्यात आधी हीच खरेदी थांबते. २००९ च्या मंदीत इथली बेरोजगारी वीस टक्क्यांच्या घरात गेली होती. त्या दिवसांच्या गोष्टी लाइनवरचे जुने लोक अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येतो.

माझ्यासोबत काम करणाऱ्यांत बरेच जण आमिश होते. धर्माच्या शिस्तीप्रमाणे स्वतःची मोटार न बाळगणारी ही माणसं. पहाटेच्या अंधारात सायकलींवरून किंवा भाड्याच्या व्हॅनमधून यायची आणि सूर्य उगवायच्या आत कामाला लागायची. मजुरी नगावर असल्यामुळे सगळ्यांचे हात एका लयीत चालायचे, आणि दुपार कलायच्या आत दिवसाचं काम आटोपून ती शेताकडे वळायची. सुतारकामात त्यांचा हात धरणारं मी तरी कुणी पाहिलं नाही.

मी क्वालिटीत होते. तयार ट्रेलर गेटबाहेर पडण्याआधी माझ्या टीमच्या हाताखालून जायचा. गॅसच्या नळीला दाबमापक लावून काटा ठरलेल्या वेळात खाली सरकत नाही ना, ते आम्ही बघायचो. स्वयंपाकाच्या शेगडीला लागणारा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे अगदी नाजूक. पाण्याच्या नळांवर दाब देऊन प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचो. आतून हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी फवारायचो. जिथे फट असेल तिथे बुडबुडे यायचे आणि तिथे सीलंटचा आणखी एक हात फिरायचा. वीज, दिवे, ब्रेक, दारं-खिडक्या झाल्या की कागदावर सही. पुढे तो ट्रेलर टेक्सासला जायचा की कॅनडात, त्यात कोण झोपायचं, काय शिजायचं, ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

ते कळावं असं मात्र मला फार वाटायचं. मुलगी आठवीकडे झुकली, धाकटा शाळेत रुळला, आणि आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की एक ट्रेलर घ्यायचा.

घेतला तो मोठा नव्हता. तेवीस फुटांचा, पुढे आमचा पलंग, मागे एकावर एक दोन बंक, मध्ये जेवायचं टेबल, जे खाली केलं की आणखी एका माणसाची झोपायची सोय होते. दोन शेगड्या, छोटा ओव्हन, गॅसवरही चालणारा फ्रिज, सहा गॅलनचा गिझर. गोड्या पाण्याची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. रिकाम्या ट्रेलरचं वजन साडेचार हजार पौंड, भरून निघाला की साडेपाच हजारांच्या आसपास.

पहिली रात्र आम्ही घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये काढली. ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, कारण त्या एका रात्रीत घरापासून दहा पावलांवर सगळ्या वस्तूंची ओळख होते. पंप सुरू झाला की कसा आवाज येतो, हीटर रात्री किती वेळा पेटतो, कुठल्या कपाटाला काय लागतं, ते समजतं. मुलांना मात्र या कारणांशी काही देणंघेणं नव्हतं. दोघांनी बंक वाटून घेतले, आपापल्या उशाशी पुस्तकं आणि टॉर्च लावले आणि स्वतःच्याच घराच्या खिडकीकडे परक्या गावाची खिडकी असल्यासारखं बघत बसले. सकाळी उठून मी त्या इवल्या ओट्यावर पहिला चहा केला. आलं किसायला, दूध उतू जाऊ नये म्हणून बघत उभं राहायला, कप पुढे करायला जागा अगदी पुरेशी होती. ज्या शेगडीसारख्या असंख्य शेगड्यांचा दाब मी मोजला होता, त्यातल्या एकीवर माझा चहा उकळत होता. मला मनापासून भरून आलं.

पहिली खरी सहल तासाभराच्या अंतरावरची, साउथ बेंडजवळच्या पोटॅटो क्रीक स्टेट पार्कमधली. तिथे वर्स्टर लेक नावाचा तलाव आहे, झाडीतून जाणारे सायकलींचे रस्ते आहेत, आणि कॅम्पच्या जागांवर विजेचा खांब असतो. सुरुवातीसाठी इतकं पुष्कळ झालं.

निघण्याआधीचा एक तास मला सगळ्या सहलीइतकाच प्रिय वाटायला लागला. पिकअप उलटा घेत हिचचा गोळा बरोबर ट्रेलरच्या कपलरखाली आणायचा. कपलर खाली उतरला की खटका लावायचा, त्यात पिन घालायची, मग जॅक थोडा उचलून बघायचा. ट्रकचा मागचा भागही सोबत वर आला, तर पकड पक्की. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे कपलर निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न पडता त्या झोळीत अडकतो. ब्रेकअवेची तार वेगळी लावायची. ट्रेलर तुटून मागे पडला तर ती ओढली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. शेवटी सात पिनांचा प्लग. मग मुलगी मागे उभी राहायची आणि एकेक दिवा ओरडून सांगायची, "डावा! उजवा! ब्रेक!" धाकट्याकडे चाकांखालचे लाकडी ठोकळे सांभाळायचं काम होतं. ते काढून डब्यात टाकल्याशिवाय आणि तसं मोठ्याने जाहीर केल्याशिवाय आमची गाडी हलायची नाही.

सामान भरण्यातही शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हिचवर यायला हवा. पुढचा भार कमी पडला तर वेगात किंवा वाऱ्यात मागचा ट्रेलर डोलायला लागतो, आणि ते डोलणं आवरणं सोपं नसतं. म्हणून जड डबे चाकांच्या पुढे, हलकं मागे. तांदूळ, डाळी, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी कुठे जाणार, ते मी आखून ठेवलं होतं, आणि मुलांनाही ते तोंडपाठ झालं. आमच्या ट्रेलरचे टायर ताशी पासष्ट मैलांपर्यंतचे होते. आम्ही साठच्या खालीच राहायचो. मागच्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि आम्हाला इंडियानाची मक्याची शेतं नीट बघायला मिळायची.

कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर उलटा ट्रेलर जागेत घालायचा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा आणि ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला हात सरकवायचा, हा मंत्र आम्हाला कारखान्यातल्या ट्रेलर ओढून नेणाऱ्या चालकांनी शिकवला होता. तरीही शेजारच्या जागेवरचे एक वयस्क गृहस्थ खुर्चीतून उठून आले, काही न विचारता आमच्या मागच्या कोपऱ्याजवळ उभे राहिले आणि हाताने दिशा दाखवत राहिले. ट्रेलर बसला तसे अंगठा वर करून परत आपल्या कॉफीकडे गेले. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गरम कांदाभजी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने परतीच्या ताटलीत घरची सफरचंदं दिली. ही देवाणघेवाण पुढे प्रत्येक कॅम्पवर होत राहिली. एरवी आमच्या वस्तीत वर्षानुवर्षं शेजारी राहूनही दार वाजवायला संकोच वाटायचा. इथे सगळ्यांची दारं एका पायरीवर आणि सगळ्यांचे संसार अंगणात मांडलेले, त्यामुळे संकोचाला जागाच उरत नव्हती.

त्या रात्री पाऊस आला. कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याखाली उभे असलेले ट्रेलर मी रोज पाहायचे. तिथे पाणी म्हणजे तपासणी. हातात टॉर्च घेऊन खिडकीच्या कडा, छपराचे सांधे, व्हेंटची चौकट यांत ओल शोधायची. आता मी त्याच छपराखाली पांघरूण घेऊन पडले होते आणि पाऊस डोक्यापासून दोन हातांवर वाजत होता. सवयीने बोट खिडकीच्या कडेवरून फिरलं. कोरडी होती. मागच्या बंकवर दोन्ही मुलं गाढ झोपली होती. कुणा अनोळखी माणसाने पहाटे उठून ती खिडकी बसवली होती, कुणी तिच्याभोवती सीलंट फिरवला होता, कुणी बुडबुडे येतात का ते पाहिलं होतं. त्या सगळ्यांच्या नीट केलेल्या कामामुळे माझी मुलं कोरडी झोपली होती. माझं काम कशासाठी आहे, ते मला त्या रात्री जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्याही मीटिंगमध्ये कधी दिसलं नव्हतं.

सोमवारी कामावर गेले तेव्हा कपाटं बसवणाऱ्या माझ्या आमिश सहकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "ड्रॉवर उघडला का गं रस्त्यात?" रस्त्यावर धावणाऱ्या ट्रेलरला सतत हादरे बसतात. साधा ड्रॉवर पहिल्या वळणावर बाहेर येईल, म्हणून ट्रेलरमधला ड्रॉवर किंचित वर उचलल्याशिवाय उघडत नाही. ती खाच तो आपल्या हाताने करायचा. "एकही नाही," मी म्हटलं. तो मान हलवून पुन्हा कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्याने सगळं विचारून घेतलं. बंकच्या कडेची फळी मुलांना पुरेशी उंच वाटली का, टेबल रात्री खाली करताना अडकलं का, ओट्याच्या कोपऱ्याला कुणाचं ढोपर लागलं का. मग हे नेहमीचंच झालं. प्रत्येक सहलीनंतर लाइनवरचे चार-पाच जण माझ्याभोवती जमायचे. पायरीजवळचा दिवा बाहेरूनही लावता यायला हवा, पलंगाशी चष्मा ठेवायला फळी हवी, सांडपाण्याच्या झडपेची मूठ हातमोजे घालूनही धरता यावी, असं मी सांगायचे. त्यातलं काही पुढे मॉडेलमध्ये आलंही. आपण केलेली वस्तू वापरात कशी आहे, ते ऐकताना त्या माणसांचे चेहरे उजळायचे. कामाचा तो आनंद पगारात मोजता येत नाही.

पण या सगळ्या सहलींना अर्थ आणला तो माझ्या आईने.

आई सोलापूरची. सोलापूरच्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवावं लागत नाही. उजनी धरण जिल्ह्यात, भीमेवर. तरी शहरातल्या नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, तेही अवेळी. माझं लहानपण पिंप, घागरी, कळशा आणि बादल्या भरून ठेवण्यात गेलं. कुठल्या भांड्यातलं पाणी पिण्याचं, कुठलं स्वयंपाकाचं, कुठलं धुण्याचं आणि ते धुण्याचं पाणी पुन्हा कुठे जाणार, हे आईच्या डोक्यात पक्कं असायचं. ती एका उन्हाळ्यात आमच्याकडे आली आणि आम्ही तिला घेऊन मिशिगनला, स्लीपिंग बेअर ड्यून्सला निघालो.

ही जागा मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. वाळूच्या प्रचंड टेकड्या थेट पाण्यात उतरतात. काही ठिकाणी सरोवरापासून चारशे फुटांहून उंच. १९७० पासून ती राष्ट्रीय संरक्षित किनारा म्हणून राखलेली आहे. नावामागची कथा इथल्या मूळ रहिवाशांची, अनिशिनाबे लोकांची. पलीकडच्या किनाऱ्यावर वणवा पेटला म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सरोवर पोहत निघाली. ती किनाऱ्याला लागली, पिल्लं मागे बुडाली. ती वाट बघत तिथेच झोपली आणि वाळूने झाकली गेली. पिल्लांची झाली दोन बेटं, उत्तर आणि दक्षिण मॅनिटू. वाटेत मी ही कथा सांगितली तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईला झोप कशी लागेल गं? डोळे मिटून पडली असेल, इतकंच."

आम्ही उतरलो ते डी. एच. डे कॅम्पग्राउंड साधं आहे. ट्रेलरला जोडायला वीज नाही, नळ नाही, शॉवर नाही. वर दाट झाडी आणि झाडीपलीकडे सरोवर. पाच माणसं, दोन-तीन दिवस आणि चाळीस गॅलन पाणी.

पहिल्या संध्याकाळी आईने विचारलं, "टाकी केवढ्याची?" मी दीडशे लिटर म्हणून सांगितलं. तिने क्षणभर हिशेब केला. "म्हणजे एक पिंपसुद्धा पुरतं भरत नाही. बरं." आणि तिने ताबा घेतला.

टाकीत किती पाणी उरलं ते दाखवायला भिंतीवर छोटे दिवे असतात: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. आईने त्या दिव्यांकडे लक्षही दिलं नाही. तिने तांब्या घेतला आणि प्रत्येक कामाला तांब्यांचा हिशेब लावला. तोंड धुवायला एक, तांदूळ धुवायला एक, भांड्यांना इतके. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीत. जेवून झालं की ताटातलं शेवटचं कालवण भाकरीच्या तुकड्याने पुसून खायचं, म्हणजे ताट अर्धं स्वच्छ झालेलं असतं. गिझरमधलं गरम पाणी शॉवरपर्यंत यायच्या आधी नळीतलं गार पाणी वाहून जातं. तिने तिथे पातेलं लावलं आणि ते पाणी संडासासाठी बादलीत साठवलं. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग पुन्हा नळ. धाकट्याला हा खेळ वाटला. कोण किती तांब्यांत उरकतो याची दोघा भावंडांत चढाओढ लागली आणि आजी पंच झाली. "आजी, तू मोजतेस ना?" असं आतून ओरडून विचारलं जायचं, आणि बाहेरून "मोजतेय रे, तू बंद कर आधी!" असं उत्तर जायचं.

येताना आईने सोलापुरातून कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी आणली होती. ज्वारीची ती पापडासारखी वाळलेली भाकरी टिकाऊ. फ्रिज नको, गॅस नको, पाणी नको. दुपारी वाळूच्या टेकडीवर चढून पोरं दमली की आम्ही झाडाखाली बसून कडक भाकरीचे तुकडे, चटणी, वर तेलाची धार आणि कच्चा कांदा खायचो. रात्री सरोवरावरचा गार वारा सुटला की अंगावर सोलापुरी चादरी. माझ्या गावाने कॅम्पिंगसाठी लागणारं सगळं कधीच तयार करून ठेवलं होतं, याचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सरोवराकाठी घेऊन गेले. मिशिगन सरोवराची लांबी सुमारे पाचशे किलोमीटर. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वाळू आहे, पाखरं आहेत, तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. आईने वाकून ओंजळ भरली, जिभेला लावून पाहिली आणि माझ्याकडे वळली. "गोडं आहे?" मी हो म्हटलं. "सगळं?" सगळं. तिने ती ओंजळ आधी डोळ्यांना लावली आणि मग हळूच परत पाण्यात सोडली, सांडू दिली नाही. आयुष्यभर नळाची वाट बघितलेल्या बाईला क्षितिजापर्यंत गोडं पाणी दिसलं, आणि तरी तिचा हात तसाच सावध राहिला. दुपारी ट्रेलरमध्ये परत आल्यावर तिचे तांबे एकानेही वाढले नाहीत. "ते त्याचं आहे, हे आपलं," एवढंच ती म्हणाली.

निघताना सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या असतात. पार्कमध्ये त्यासाठी ठरलेलं ठिकाण असतं. जाड नळी जोडायची, आधी संडासाच्या टाकीची झडप उघडायची, ती रिकामी झाली की न्हाणी-ओट्याच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घालून नवरा ते काम करत होता, मुलगी झडप धरून उभी होती. मला वाटलं, आई तोंड फिरवेल. ती जवळ येऊन नीट बघत राहिली. तिच्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं, आणि हाती खराटा घेतलेल्या त्या साधूच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकलेल्या. "हे चांगलं आहे," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं न्यावं." आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या डोक्यावर टाकलं गेलं. माझ्या मुलांनी ते आपल्या वडिलांना करताना पाहिलं, स्वतः हात लावला, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. या सहलींनी दिलेल्या गोष्टींत मी ही फार वरची मानते.

घरी पाणी भिंतीतून येतं आणि जमिनीत जातं, वीज बटणातून येते, कचरा मंगळवारी सकाळी नाहीसा होतो. मध्ये काय घडतं, ते मुलांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याची किंमत कळत नाही. ट्रेलरमध्ये ते सगळं हाताला लागतं. दिवे जास्त वेळ ठेवले तर बॅटरी उतरते. जळणाचं लाकूड घरून न नेता कॅम्पजवळच घ्यायचं, हेही तिथेच समजतं, कारण लाकडातून किडे नव्या जंगलात जातात. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने अॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत, आणि ती वठलेली खोडं मुलांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिली. माझ्या लाइनवर भिंती चढण्याआधी जे उघडं दिसायचं, ते सगळं माझ्या मुलांना या सहलींनी उघडं करून दाखवलं.

आता मुलगी कॉलेजात आहे. तिच्या खोलीवर ती आजीच्या पद्धतीने भांडी घासते, असं तिच्या मैत्रिणी मला सांगतात. धाकटा उलटा ट्रेलर माझ्यापेक्षा सफाईने घालतो. आई गेली, पण तिचा तांब्या ट्रेलरच्या ओट्यावरच असतो आणि प्रत्येक सहलीत वापरात आहे.

नवीन ट्रेलर घेतलेली मराठी कुटुंबं हल्ली मला फोन करून विचारतात, कुठला घ्यावा, किती फुटांचा, कुठे जावं. फुटांबद्दल आणि वजनाबद्दल मी जे माहीत आहे ते सांगतेच. पण त्याहून आग्रहाने तीन गोष्टी सांगते. पहिली रात्र स्वतःच्या दारात काढा. ट्रेलर जोडण्या-सोडण्याचं एकेक काम मुलांच्या नावावर कायमचं करून द्या, आणि ते त्यांच्याकडून कधी काढून घेऊ नका. आणि एकदा तरी, जिथे नळ नाही, वीज नाही अशा जागी जा, आणि जाताना भारतातून आलेल्या आजी-आजोबांना सोबत न्या. तुम्ही त्यांना अमेरिका दाखवायला नेत आहात असं तुम्हाला वाटेल. न्या, आणि टाकीचा हिशेब त्यांच्या हाती द्या. चाळीस गॅलनमध्ये घर चालवणं म्हणजे काय, ते त्यांना फार आधीपासून येतं, आणि ते तुमच्या मुलांना शिकवायची संधी त्यांना दुसरीकडे कुठे सहजासहजी मिळणार नाही.